थोरलीचे पंच्याण्णव ठसे

शनिवारी पहाटे पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी थोरली ओल्या वाळूत गुडघे टेकून लाकडी चौकट दाबत होती. चौकट चाळीस सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, चार बोटं उंच. ती दोन बोटं रुतली की थांबायचं. जास्त दाबली तर कडेची नक्षी मोडते. महिन्यातली सगळ्यात मोठी ओहोटी होती. पाणी तिच्यापासून दीडशे पावलं लांब गेलं होतं आणि परत यायला पाऊण तास होता.

तिने कॅनमधलं गोडं पाणी घमेल्यात ओतलं, त्यावर पीओपी मुठीने पेरलं आणि ते भिजून बुडेपर्यंत वाट पाहिली. मग हात घालून ढवळलं. पहिला थर ती थेट वाळूवर ओतत नसे. डावा हात चौकटीवर आडवा धरायचा आणि त्याच्या बोटांवरून प्लास्टर गळू द्यायचं, नाहीतर लाटांनी काढलेल्या रेघा वाहून जातात. त्यावर काथ्याचे तुकडे, त्यावर दुसरा थर. मग पंचवीस मिनिटं बसून राहायचं.

बसल्या जागेवरून तिला लाल रंगाचे खुंट दिसत होते. एका रांगेत, दर दहा पावलांवर एक. पुढच्या एक तारखेला इथे संरक्षक भिंतीचं काम सुरू होणार होतं. आधी यंत्रं येऊन किनारा सपाट करणार, मग दगड पडणार.

प्लास्टर आळलं तेव्हा तिने खिळ्याने पाठीवर तारीख कोरली आणि खाली आकडा घातला: ९५. उलटून पाहिलं. जिथे वाळूत खळगा होता तिथे प्लास्टरवर उंचवटा आला होता. रेघा जाड, मधे खडे, एका कोपऱ्यात बाटलीच्या झाकणाचा गोल. ठसा चांगला निघाला होता. एकही बुडबुडा नव्हता. असा बिनबुडबुड्याचा ठसा धाकटीला सात जन्मांत काढता आला नसता, असं तिच्या मनात आलं. गेली तीन वर्षं प्रत्येक ठशाच्या वेळी तिच्या मनात हेच येत होतं.

थोरलीचं वय चौपन्न. वडिलांचा छताच्या नक्षीचा कारखाना होता, तो आता ती चालवते. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब खोली, मधे दोन टेबलं, भिंतीला साचे टांगलेले. पंख्याच्या हुकाभोवती बसवायची फुलं, भिंत आणि छत यांच्यामधल्या पट्ट्या, क्वचित एखादा खांबाचा मुकुट. लोक हल्ली तयार जिप्समचे पत्रे मारून मोकळे होतात, त्यामुळे काम निम्म्यावर आलं आहे. आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने लाटांची नक्षी मागितली. कागदावर काढून जमेना, तेव्हा ती घमेलं घेऊन किनाऱ्यावर गेली आणि वाळूचाच ठसा घेऊन आली. गिऱ्हाइकाला तो आवडला नाही. "छत ओलं वाटतं," म्हणाला. तिला मात्र तो इतका आवडला की पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली, त्याच जागी. मग दर महिन्याला. दोनदाच चुकलं: एकदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, एकदा तिचा स्वतःचा ताप. ठसे फळ्यांवर उभे करून ठेवलेले. कुणी विचारलं तर ती सांगायची, "नमुने आहेत." याला कला म्हणतात हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ते धाकटीच्या डोक्यात आलं, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

धाकटी सहा वर्षांनी लहान. चित्रकलेच्या शाळेत तिला घालायचं ठरलं तेव्हा घरात एकीचाच खर्च झेपणार होता आणि थोरलीचा हात कारखान्यात बसलेला होता. कुणी अन्याय केला असं नाही; थोरलीला कुणी विचारलंही नाही, आणि तिनेही विचारलं नाही. धाकटी तीन तासांवरच्या मोठ्या शहरात शाळेत चित्रकला शिकवते. चार वर्षांपूर्वी सुट्टीत आली, फळ्यांपुढे उभी राहिली आणि दहा मिनिटं काही बोललीच नाही. धाकटी दहा मिनिटं गप्प हे घरात कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"ताई, मला शिकव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी किनाऱ्यावर गेल्या. गोड्या पाण्याचा कॅन घरीच राहिला होता. परत जाईपर्यंत भरती आली असती, म्हणून थोरलीने बादली समुद्रात बुडवली आणि त्याच पाण्यात प्लास्टर कालवलं. खाऱ्या पाण्यात ते भराभर आळतं. धाकटी खूश झाली. तो ठसा निव्वळ हात दाखवायला केलेला होता. घरी आल्यावर थोरलीने तो फोडून टाकला. का फोडला, ते धाकटीने विचारलं नाही.

त्यानंतर धाकटी प्रत्येक सुट्टीत यायला लागली. स्वतःच्या चौकटी, स्वतःची बादली. एका उन्हाळ्यात तर रोज एक याप्रमाणे अकरा ठसे तिने काढले, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिचं प्रदर्शन झालं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, ठशाशेजारी उभी, मान किंचित तिरकी. "नाहीशा होणाऱ्या किनाऱ्याची वही" असं वर लिहिलेलं. बातमीत ती म्हणाली होती की हे तंत्र ती ताईकडून शिकली. ते एक वाक्य होतं. थोरलीने ते मोजलं: सात शब्द. उरलेला पाऊण रकाना धाकटीचा.

आईने कात्रण फ्रिजवर लावलं. थोरली रोज फ्रिज पुसायची आणि पुसून झालं की चुंबक अशा बेताने ठेवायची की तो धाकटीच्या नाकावर यावा. आई दुपारी तो सरकवायची. या विषयावर दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

आणि बादली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात थोरलीने पाहिलं, धाकटी सरळ समुद्रात जाते, बादली भरते आणि कालवते. दर वेळी. थोरलीच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. तेवढ्यात धाकटी मागे न बघता म्हणाली, "ताई, तू फार नीटनेटकं करतेस गं. जरा सैल सोड. तुझे ठसे छतासारखे दिसतात."

थोरलीने शब्द गिळले. पुढे आणखी तीनदा संधी आली, तीनदा तिने ते गिळले. चौथ्यांदा गिळावे लागले नाहीत, ते वर आलेच नाहीत.

खाऱ्या पाण्यात कालवलेलं प्लास्टर दिसायला चांगलं दिसतं. वर्षभर, कधी दोन वर्षंही. मग हवेतला ओलावा आतलं मीठ बाहेर ओढतो. आधी पांढरी भुकटी, मग पापुद्रे. घराच्या भिंतीला लागतो तसाच लोणा लागतो. हे छताच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चित्रकलेच्या शाळेत शिकवत नसावेत.

त्या शनिवारी ती किनाऱ्यावरून परतली तेव्हा नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. तो बसचा तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेला. अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तिकीट मागावं तसं बघायचा.

"धाकट्या बाईसाहेबांचा फोन होता," तो म्हणाला. "साडेदहाला पोचते म्हणाल्या. आवाज रडका होता."

"तिचा आवाज कायमच तसा असतो. लाडाचा."

"लाडाचा वेगळा, रडका वेगळा. तीस वर्षं बसमध्ये ऐकलेत मी दोन्ही."

धाकटी दहा वीसलाच आली. गाडीच्या मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून सहा लाकडी खोकी होती. तिने कुणाला हात लावू दिला नाही, एकेक खोकं स्वतः कारखान्यात आणलं आणि टेबलावर एका ठशावरचं फडकं काढलं.

"बघ."

थोरलीने पाहिलं. रेघा उरल्या नव्हत्या. पृष्ठभाग फुगून, सोलून निघाला होता, आणि फडक्यावर बारीक पांढरी भुकटी सांडली होती. तिने बोट फिरवलं, जिभेला लावावं असं क्षणभर वाटलं, लावलं नाही. गरज नव्हती.

"किती गेले?"

"बत्तीसपैकी अठ्ठावीस. प्रदर्शनानंतर खोक्यांत बंद होते, काल उघडले. उरलेले चार जातील. ताई, वीस तारखेला उद्घाटन आहे. कला केंद्राची अख्खी भिंत दिली आहे मला, कायमची. अठ्ठेचाळीस जागा. मी यात तुझ्याकडचे थोडे मागून घ्यायचे असं ठरवलं होतं, आणि आता बघ, माझेच नाहीत." तिने नाक पुसलं. "माल खराब होता. त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून पोती घेतली होती ना, तुझ्याच दुकानदाराकडून. मी सोडणार नाही त्याला. तक्रार लिहून आणली आहे."

थोरलीच्या छातीत काहीतरी हललं आणि ते दुःख नव्हतं. अठ्ठावीस, तिने मनात मोजलं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर टेबलावर भुकटी होऊन पडलं होतं. आणि दोष द्यायला दुकानदारही होता. तिला फक्त "अरेरे" म्हणायचं होतं.

"अरेरे," ती म्हणाली.

आई दारात आली. वय ब्याऐंशी, दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं. "अगं, मग थोरलीचे आहेत की एवढे फळ्या भरून. घे ना त्यातले. तिला काय करायचेत, नमुने तर आहेत."

"आई, तू आत जा," दोघी एकदम म्हणाल्या.

मग धाकटीने खालच्या आवाजात विचारलं, "देशील? नाव तुझंही लावीन. खाली-वर नाही, बरोबरीने."

"बघ आधी कामाचे आहेत का," थोरली म्हणाली. "छतासारखे दिसतात ना."

धाकटीला टोमणा कळला नाही, किंवा कळून तिने बाजूला ठेवला. तिने चपला काढल्या, कारखान्याची जमीन झाडली आणि फळीवरून ठसे उतरवायला लागली. पाठीवरची तारीख वाचायची, ठसा जमिनीवर ठेवायचा. एक महिना घ्यायचा, पुढचा सोडायचा. ती पुटपुटत होती, मधेच मागे जाऊन डोळे बारीक करत होती. एका ठिकाणी तिने नुसती मोकळी जागा सोडली.

"हा कुठे आहे?"

"नाही. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा."

"राहू दे. रिकामीच ठेवू. आणि हा?"

"मला ताप होता."

"तोही रिकामा. छान."

वीस मिनिटांत सहाच्या आठ रांगा झाल्या. दर रांगेत एक वर्ष. धाकटीने थोरलीला खांद्याला धरून दाराकडे नेलं आणि तिथून बघायला लावलं.

पहिल्या रांगेत रेघा केसाएवढ्या बारीक होत्या, त्यांच्यामधे खेकड्यांनी टाकलेल्या वाळूच्या गोळ्यांचे ठिपके आणि पक्ष्यांची पावलं. दुसऱ्या रांगेतही. तिसऱ्या वर्षी उत्तरेला नवा धक्का बांधला होता. चौथ्या रांगेपासून पावलं विरळ झाली. पाचव्या रांगेत रेघा जाड होऊ लागल्या, शिंपल्यांचा चुरा दिसू लागला. सहाव्या रांगेत एकही गोळी नव्हती. सातव्यात खडे. आठव्यात तर वाळूच पुरेशी नव्हती, खालच्या चिखलाच्या भेगा उमटल्या होत्या, आणि शेवटचा, आज पहाटेचा, अजून ओलसर, कोपऱ्यात झाकणाचा गोल घेऊन.

थोरली आठ वर्षं दर महिन्याला त्याच जागी गुडघे टेकून बसली होती. बुडबुडे पाहिले होते, कडा पाहिल्या होत्या. हे पाहिलं नव्हतं. धाकटीला त्यासाठी वीस मिनिटं लागली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं होतं की आपल्याला धाकटीच्या फोटोचा हेवा वाटतो, रकान्याचा, आईच्या कौतुकाचा. ते सगळं किरकोळ निघालं. हात आपला होता, तारखा आपल्या होत्या, गुडघे आपले दुखत होते, आणि डोळा मात्र हिचा. तो शिकवून आला नव्हता. चित्रकलेच्या शाळेत तिला स्वतःला घातलं असतं तरी आला असता की नाही, हे आता तिला सांगता येईना. तेच सगळ्यात खुपलं.

"ताई, मी आयुष्यात इतकं चांगलं काही केलेलं नाही," धाकटी म्हणाली. "आणि हे मी केलेलंच नाही." ती हसली. मग तिने फोन काढला. "थांब, आधी त्या दुकानदाराला झाडते. चार वर्षांची मेहनत मातीत घातली माणसाने."

फोन वाजायला लागला. कारखान्यात तो स्पष्ट ऐकू येत होता. दुकानदाराकडून थोरली सत्तावीस वर्षं माल घेत होती. वडील गेले तेव्हा त्याने दुकान बंद ठेवलं होतं.

"ठेव तो," थोरली म्हणाली.

"का? घाबरतेस काय त्याला?"

"माल चांगला होता. पाणी खारं होतं. समुद्राच्या पाण्यात कालवलं की लोणा लागतो. लागणारच."

धाकटीने फोन कानापासून खाली घेतला. पलीकडून "हॅलो, हॅलो" आलं, तिने बंद केला.

"तुला आत्ता कळलं?"

"नाही."

"कधीपासून माहीत होतं?"

"वडिलांच्या हाताखाली पहिल्या आठवड्यात शिकले. पंधरा वर्षांची होते."

"आणि मी बादली भरताना तू बघायचीस."

"बघायचे."

नवरा दारातून डोकावला, दोघींचे चेहरे पाहिले आणि आल्या पावली गेला. तीस वर्षं बसमध्ये काढून तेवढं तो शिकला होता.

"का नाही सांगितलंस?" धाकटीने विचारलं.

थोरलीकडे चार-पाच उत्तरं तयार होती. विसरले, तू विचारलं नाहीस, तू ऐकलं नसतंस. ती म्हणाली, "तुझे बिघडावेत असं वाटलं."

धाकटी जमिनीवरच्या रांगांकडे बघत राहिली. "मी समुद्राचं पाणी का घ्यायचे, माहीत आहे? शाळेतल्या एकाने मला सांगितलं होतं, गोडं पाणी वापर. मी त्याला म्हटलं, माझी ताई समुद्राचं घेते. तिच्याहून जास्त तुला कळतं का?"

थोरलीने बोटाला लागलेली भुकटी पुसली.

"मला वाटायचं, तू माझ्यावर जळतेस हा माझ्या मनाचा खेळ आहे. नवऱ्याला मी दटावायचे, ताईबद्दल असं बोलू नकोस म्हणून. आता त्याला काय सांगू?"

ती चपला घालून बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली. इंजिन सुरू झालं नाही. थोरलीने टेबलावरची भुकटी झाडली, सोललेला ठसा फडक्यात गुंडाळला, खोक्यात ठेवला, पुन्हा काढला. पंधरा मिनिटांनी धाकटी परत आली. डोळे कोरडे होते.

"केंद्राच्या बाईंशी बोलले. भिंत होईल. तुझे सेहेचाळीस ठसे आणि दोन रिकाम्या जागा."

"नाव दोघींचं लाव."

"नाही. तुझं एकटीचं. मी त्यांना तसंच सांगितलं."

"मांडणी तुझी आहे."

"असू दे. तुझ्या शेजारी मला माझं नाव नको आहे, ताई. आत्ता नको. पुढचं पुढे." तिने पेन्सिल घेतली आणि खाली वाकून एकेका ठशाच्या पाठीवर आकडा घालायला सुरुवात केली, एक ते अठ्ठेचाळीस, रिकाम्या जागांचे दोन वगळून. "याच क्रमाने लावायचे. इकडचा तिकडे करू नकोस."

आईने जेवायला हाक मारली. धाकटी आईजवळ दहा मिनिटं बसली, जेवली नाही, आणि स्वतःची सहा खोकी इथेच टाकून निघून गेली. आईने विचारलं, "काय झालं गं?" थोरली म्हणाली, "प्लास्टर खराब निघालं." मग थोडं थांबून म्हणाली, "नाही, माझ्यामुळे झालं." आईने तिच्याकडे बघितलं आणि तिचं पान पुढे सरकवलं.

दुपारी थोरली कारखान्यात एकटीच होती. तिने एक प्रयोग केला. चौथ्या रांगेतला तिसरा ठसा उचलून त्याच्या जागी सोडलेल्या महिन्यातला एक ठेवला. तो जास्त नीट होता, कडा धारदार, बुडबुडा शून्य. दारापाशी जाऊन पाहिलं. रांग तिथे तुटत होती. नजर त्या एका ठशावर अडकायची आणि किनारा दिसायचा बंद व्हायचा. तिने दुसरा ठेवून पाहिला. तोही नाही. सातव्या प्रयत्नानंतर तिने धाकटीने निवडलेलाच परत ठेवला, आणि चडफडत ठेवला. भिंतीवर पाटी लागेल, तिच्यावर एकटीचं नाव असेल, आणि ज्यात तिचा हात नव्हता तेवढाच भाग लोक उभे राहून बघतील. हे तिला आता उरलेल्या आयुष्यात माहीत असणार होतं.

संध्याकाळी नवऱ्याने जुनी वर्तमानपत्रं आणून दिली. एकेक ठसा चार पानांत गुंडाळून दोघांनी खोक्यांत उभा भरला. खोकी कमी पडली म्हणून तिने धाकटीच्या सहा खोक्यांतले सोललेले ठसे काढून कोपऱ्यात रचले आणि तीही वापरली. एका खोक्यात पाच, म्हणजे दहा खोकी, शेवटच्यात एकच. प्रत्येक ठसा साडेपाच किलोचा.

"ती येईल उद्घाटनाला?" नवऱ्याने विचारलं.

"माहीत नाही."

"तू जाशील?"

"तेही माहीत नाही. सुतळी दे."

कला केंद्राचा टेम्पो उद्या, रविवारी, सकाळी साडेनऊला येणार आहे. बरोबर दोन हमाल असतील, आणि खोकी घरामागच्या दारातून बाहेर काढावी लागतील, कारण पुढचं दार अरुंद आहे.